आजोबांच्या गालाचं हाड

दर सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या संग्रहालयातली सगळी शहाणी माणसं हातातलं काम सोडतात आणि चहाचा कप घेऊन मोठ्या पडद्यासमोर जमतात. दहावीचा निकाल लागायच्या दिवशी शाळेत जसे चेहरे दिसतात, तसेच त्यांचे दिसतात. कारण त्या वेळी ‘वंशवेल’ नवी होते.

वंशवेल म्हणजे एक प्रणाली. जगातल्या झाडून सगळ्या संग्रहालयांनी आपापली जीवाश्मं तपासून तिच्यात भरली आहेत. कोणता प्राणी कुणाचा चुलता, कोणता कुणाचा पणजोबा, कोणाचं नातं कोणाशी नाहीच, हे ती दर आठवड्याला नव्याने मांडते. पूर्वी हा प्रश्न विद्वान लोक भांडून सोडवायचे. एकेक भांडण चाळीस वर्षं चालायचं आणि भांडणारे वारले की मगच मिटायचं. आता सोमवारी मिटतं. मागच्या वर्षी हैदराबादच्या एका गृहस्थांचा प्राणी सोमवारी एका फांदीवरून उडाला, ते मंगळवारी आजारी पडले आणि पुढच्या सोमवारी प्राणी परत जागेवर आला तेव्हाच अंथरुणातून उठले.

मी पारबता पंधरे. नागपूरच्या मध्य भारत जीवाश्म संग्रहालयात छत्तीस वर्षं दगडातून हाडं मोकळी करते आहे. डॉक्टर लोक हाडांना नावं देतात, पण त्याआधी कुणीतरी ते हाड सुईने, ब्रशने, कण कण करून दगडाबाहेर काढून द्यावं लागतं. बोलताना मी आमच्या गोंदियाकडचीच आहे, लिहिताना मात्र सरांनी लावलेलं वळण सुटत नाही. त्या सरांबद्दलच सांगायचं आहे.

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी पडद्यावर आमचा स्वतःचा प्राणी तांबडा झाला. त्याच्यापुढे लिहून आलं, ‘गालाची खालची कड नैसर्गिक नाही. अवजाराने तुटलेली असण्याचा संभव. चार आठवड्यांत खुलासा न आल्यास नाव संदिग्ध यादीत.’

आमच्या विभागाची प्रमुख, डॉ. ऋजुता वैरागडे, कप हातात धरून तशीच उभी राहिली. पोरगी हुशार आहे, चौतीस वर्षांची, आवाज चढवणं तिला ठाऊक नाही.

“मावशी, आपले आजोबा,” एवढंच ती म्हणाली.

मी तिच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला. 

आजोबा म्हणजे ‘प्राणहितिया पारबती’. सिरोंचाजवळ, प्राणहिता नदीच्या काठच्या तांबड्या खडकात सापडलेला, तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा वीतभर लांबीचा प्राणी. लिंबाएवढी कवटी, बारीक दात, चार पाय, लांब शेपूट. पाहिलं की कुणीही म्हणेल, सरडा. पण आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो की सरड्यासारखा दिसतो तो सरडा असेलच असं नाही. चार आखूड पाय आणि लांब शेपूट हा निसर्गाचा जुना, आवडता घाट आहे. सरीसृपांच्या कितीतरी घराण्यांनी तो वापरला आणि त्यातली बहुतेक घराणी नामशेष झाली. न्यूझीलंडमध्ये आजही एक प्राणी आहे, टुआटारा नावाचा. हुबेहूब सरडा दिसतो आणि सरडा नाही.

मग ओळखायचं कसं? तर कवटीवरून. तुम्ही कानशिलावर बोट ठेवा आणि काहीतरी चावल्यासारखं करा. बोटाखाली जे फुगतं तो जबड्याचा स्नायू. त्या स्नायूला फुगायला जागा हवी, म्हणून डोळ्यामागे कवटीला खिडक्या असतात. अगदी आरंभीच्या सरीसृपांची कवटी मडक्यासारखी बंद होती. पुढे कुणाला एक खिडकी पडली, कुणाला दोन. सरड्यांच्या घराण्यात खालच्या खिडकीची चौकटच खालून गळून गेली. म्हणजे गालावर डोळ्याखालून जबड्याच्या सांध्यापर्यंत जाणारी हाडाची जी बारीक कमान असते, ती सरड्याला नाही. खिडक्या किती, चौकट कुठे बंद, कुठे उघडी, यावरून घराणं ठरतं. अर्थात नुसतं एवढ्यावर भागत नाही, दात बघतात, टाळू बघतात, कानाचं हाड बघतात. पण आमच्या आजोबांच्या कवटीचा वरचा भाग चेपलेला होता, टाळू गेलेली होती. हाताशी गाल होता, आणि गाल खालून उघडा होता.

त्यावरून डॉ. मनोहर पिंपळापुरे सरांनी बत्तीस वर्षांपूर्वी जगाला सांगितलं की सरड्यांच्या थेट पूर्वजांमधला सर्वांत जुना प्राणी सिरोंचाच्या मातीत आहे. जगाने ऐकलं. सिरोंचाच्या शाळेत त्या प्राण्याची सिमेंटची मूर्ती बसली आणि तिच्याखाली पाटी लागली, ‘सगळ्या सरड्यांचे आजोबा’. प्राण्याच्या नावाचा पहिला शब्द सरांनी नदीवरून घेतला आणि दुसरा माझ्यावरून. सातवी पास बाईच्या नावाचा प्राणी! माझ्या आईने तो कागद देवघरात ठेवला होता.

आता तांबड्या अक्षरांचं कारण. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘आरपार’ नावाचं यंत्र आलं. त्यात न्यूट्रॉनचा झोत दगडातून जातो. आमच्याकडच्या दगडात लोखंड फार, त्यामुळे क्ष-किरणांना तो मुळीच दाद देत नाही, पण न्यूट्रॉनला देतो. आत हाड कुठे, माती कुठे, भेग कुठे, सगळं केसाच्या जाडीच्याही खाली दिसतं. त्यामुळे नव्या दगडांना सुई लावायची गरजच उरली नाही. माझी सुई दोन वर्षं डब्यात होती. जुने नमुने मात्र एकेक करून आरपारखाली जात होते. आजोबा गेले, आणि यंत्राने गालाच्या कडेवर सुईचा ओरखडा पाहिला.

त्याच दुपारी सरांचा फोन आला. वय ब्याऐंशी, आवाज मात्र वर्गातला.

“पारबताबाई, त्या यंत्राची मजल पाहिलीत ना? म्हणे अवजाराने तुटलंय! तुमच्या हाताने? मी साऱ्या जगात सांगत आलो की असा हात दुसरा नाही.”

“हो जी,” मी म्हणाले.

“एक सोपा उपाय आहे. नमुना साफ करणारा कारागीर हयात असेल तर वंशवेल त्याची साक्ष धरते. नियमच आहे तसा. मी मजकूर करून पाठवतो. ‘साफसफाईच्या वेळी गालाच्या कडेला अवजार लागलं नाही, ओरखडा नंतरच्या हाताळणीतला असावा.’ तुम्ही फक्त सही करा. झालं!”

कागद संध्याकाळी आला. सरांचं अक्षर अजून सुरेख आहे. मी तो घडी करून सुईच्या डब्यात ठेवला.

खरं काय झालं होतं, ते मला एकटीला माहीत होतं.

तो हरतालिकेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी गणपती, मग संग्रहालयाला सुट्टी, आणि सरांचा लेख परदेशातल्या परिषदेला गणपतीच्या आधी जायलाच हवा होता. सर सकाळपासून माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. मी गालाची खालची बाजू मोकळी करत होते. त्या खडकात हाड आणि दगड दोन्ही सारखेच विटकरी. डोळ्यांना फरक कळत नाही. अशा वेळी आम्ही जुने कारागीर एक करतो. कण जिभेच्या टोकाला लावतो. हाडात बारीक बारीक छिद्रं असतात, ती जिभेचं पाणी ओढतात आणि कण चिकटतो. दगड चिकटत नाही. यंत्रं आली तरी यापेक्षा स्वस्त आणि झटपट परीक्षा मला कुणी दाखवलेली नाही.

पण माझा कडक उपास होता, निर्जळी. आमच्या सासूबाईंचा कटाक्ष असा की हरतालिकेला ओठांना काही लागता कामा नये; थुंकी गिळावी की नाही, यावरसुद्धा त्यांचं मत होतं. सुईखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक काडी दिसत होती. दगड की हाड? मी जीभ लावली नाही. तोंडात दगड घालून नवऱ्याचं आयुष्य कमी करायचं का, असा मला प्रश्न पडला. मागून सर म्हणाले, “झालं का?” मी सुई दाबली. काडी तुटली, तिचे तुकडे झाले, आणि तुटतानाचा तो बारीक आवाज दगडाचा नव्हता. छत्तीस वर्षांत तो आवाज मी हजारदा ऐकला आहे आणि तो कसा असतो हे मला पक्कं ठाऊक आहे.

तेवढ्यात सर वाकले, भिंगातून पाहिलं आणि ओरडले, “खालची कमान नाही! पारबताबाई, बघा, कमानच नाही!” एवढा मोठा माणूस टेबलाभोवती नाचला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. माझं तोंड कोरडं पडलं होतं, ते उपासाने की भीतीने, देव जाणे. मी बोलले नाही. आठवडाभराने बोलू म्हटलं, तर लेख गेलेला होता. वर्षाने बोलू म्हटलं, तर प्राण्याला माझं नाव लागलेलं होतं.

आणि ज्या नवऱ्यासाठी तो उपास धरला, तो चार वर्षांनी बालाघाटला दुसरा संसार थाटून बसला. अजून ठणठणीत आहे, म्हणजे उपासाला गुण आला म्हणायचं.

सही केली असती तर प्रश्न मिटला असता. सरांचं उतारवय सुखात गेलं असतं. नाही केली, खरं सांगितलं, तर सरांचं आयुष्यभराचं काम माझ्या हाताने पडणार होतं. शिवाय मी साफ केलेले दोनशे चौदा नमुने आहेत. एका ठिकाणी हात चुकल्याचं कबूल केलं की वंशवेल सगळ्यांवर शंका घेणार. माझं स्वतःचं म्हणून जगात जे काही आहे, ते तेवढंच आहे. तीन दिवस मी डब्याकडे नुसती बघत बसले. चौथ्या दिवशी मात्र दुपारची सुट्टी टाकून धंतोलीला सरांच्या घरी गेले.

सर झोपाळ्यावर बसले होते. समोर ताटलीत संत्र्याच्या फोडी होत्या.

“आणलात कागद?”

“सर, कागद नाही आणला. मले एक सांगाचं हाये.”

सांगितलं. हरतालिका, सासू, जीभ, आवाज, सगळं.  झोपाळा हलायचा थांबला होता.

“बत्तीस वर्षं, पारबताबाई?”

“हो जी.”

“मी बर्लिनला बोललो, केप टाउनला बोललो. लोकांनी शंका घेतली तेव्हा मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, तो हात चुकत नाही.”

मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.

“मला जरा पडायचंय,” सर उठत म्हणाले. दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

संग्रहालयात परत आले आणि ऋजुतालाही सांगून टाकलं. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. 

“मावशी, म्हणजे आता यंत्राचंच खरं. कड तुमच्या हातून तुटली. पण तिथे खरोखर पूर्ण कमान होती की नुसता एक काटा होता, हे आपल्याला सांगता येत नाही. न सांगता आलं की नाव संदिग्ध यादीत. आणि तुमचे बाकीचे नमुने...” तिने वाक्य पुरं केलं नाही. “ती काडी उरली असती तर गोष्ट वेगळी होती. पण साफसफाईत निघालेला चुरा तर सगळे झाडून टाकतात.”

“मी नाही टाकत,” मी म्हणाले.

“काय?”

“चुरा. मी नाही टाकत. सगळा ठेवला हाये.”

आम्ही सोनझरी लोक. माझ्या आईने, आजीने वैनगंगेच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढले, सराफांच्या दुकानापुढची माती झाडून नेली आणि तीही धुतली. माझ्या आईच्या घरात माती ही फेकायची वस्तूच नव्हती. मी या नोकरीत लागले तेव्हा पहिल्या दिवशी टेबलावरचा चुरा केरात टाकायला हात धजेना. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, चुरा भरला, नमुन्याचा आकडा आणि तारीख लिहिली. पुढे सवयच झाली. तळघरात रद्दीच्या कपाटामागे त्या बाटल्यांची तीन खोकी होती. मुद्दाम लपवली नव्हती. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ऋजुता तळघराच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरली.

आजोबांची बाटली सापडली. अंगठ्याएवढी, आत विटकरी पूड. लेबलावरची तारीख फिकट झाली होती, पण वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी मी आईची लाकडी पसरट परात घरून आणली. पूड तशीच यंत्रात घातली असती तर धुळीत धूळ दिसली असती, आधी माती धुऊन जड कण वेगळे करायला हवे होते. परात पाण्यात धरून मनगटातून हलकी गिरकी द्यायची, हलकं वाहून जातं, जड मागे राहतं. वाहून गेलेलंही खाली फडक्यात धरलं होतं, आता मी काहीच सोडणार नव्हते. ऋजुता शेजारी उकिडवी बसून बघत होती.

“हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत मावशी.”

“शिकवाले आई लागते न्,” मी म्हणाले.

शेवटी चार हजारांवर कण उरले. ते आरपारखाली ठेवले. आता यंत्राचं कौतुक ऐका. त्याने प्रत्येक कणाचा तुटका काठ मोजला, कवटीवरचा तुटका काठ मोजला आणि कोणता कुठे बसतो ते जुळवत बसलं. फुटलेली बांगडी जुळवताना आपण नक्षी बघतो, तसंच ते हाडाच्या आतल्या बारीक नळ्यांची नक्षी बघतं. माणसाला हे काम करायला दोन जन्म लागले असते. त्याला सव्वा दिवस लागला. पुढचा तुकडा डोळ्याखाली चपखल बसला, मागचा सांध्यापाशी बसला. दोन्ही नि:संशय हाड. मधे तिळाहून थोडी मोठी जागा रिकामी राहिली. त्या मापाचा एक कण होता, पण त्याचे काठ झिजले होते आणि त्यात लोखंड इतकं मुरलं होतं की यंत्र म्हणालं, हाड बावन्न टक्के, दगड अठ्ठेचाळीस.

“बावन्नवर वंशवेल काही मानत नाही,” ऋजुता म्हणाली. “मधला दुवा हवा. त्याशिवाय कमान अखंड होती असं लिहिता येत नाही.”

पुढचा सोमवार चार दिवसांवर होता.

दार वाजलं. सर उभे होते, काठी टेकत, सोबत कुणी नाही. अंगात परिषदेला घालायचा तो जुना कोट. मी उठून उभी राहिले.

“ऋजुताने फोन केला होता,” सर म्हणाले. खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसले, बराच वेळ दम घेत राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलले, “मी आठ दिवस फार चिडलो होतो, पारबताबाई. तुमच्यावर. मग आठवत गेलो. त्या दिवशी मी तुमच्या मागे कितीदा येऊन घड्याळ पाहिलं? आणि भिंगातून बघितलं तेव्हा कडेवर ताजी पांढरी खूण होती. दिसली होती मला. मी विचारलं नाही, की हे काय? विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं.”

“सांगितलं असतं जी,” मी म्हणाले. ते खरं होतं, आणि ते बोलल्यावर माझ्या छातीवरचं बत्तीस वर्षांचं ओझं उतरलं.

ऋजुताने पडद्यावर वंशवेल उघडली. मधला कण हाड धरला तर काय होईल, ते तिने करून दाखवलं. आजोबा सरड्यांच्या फांदीवरून उठले आणि खाली, खूप खाली, खोडाजवळ फुटलेल्या एका बाजूच्या शाखेवर जाऊन बसले. कमानीत दोन हाडं ज्या तऱ्हेने सांधली होती, ती तऱ्हा त्याच शाखेची होती. सरडे, साप, मगरी, पक्षी यांची घराणी वेगळी व्हायच्याही आधी निघालेली ती शाखा. तिच्यावरचे बाकीचे प्राणी आपल्याकडे याच्या फार आधी संपले असं सगळे समजत होते.

“नाव राहतं सर,” ऋजुता म्हणाली. “नाव मताला दिलेलं नसतं, नमुन्याला दिलेलं असतं. नमुना पक्का झाला की नाव पक्कं. दावा तेवढा जातो.”

“आणि ही शाखा?”

“पुढे संपते.”

सरांनी त्या आखूड रेघेच्या टोकाकडे पाहिलं. तिच्यापुढे पडदा कोरा होता. “म्हणजे हा कुणाचाच पूर्वज नाही. याच्यामागे कोणी उरलंच नाही. सिरोंचाच्या पोरांना काय सांगायचं? पाटीवर आजोबा लिहिलंय.”

“आजोबाच सांगाचं,” मी म्हणाले. “सर, आमच्याकडे लेकरं नसलेल्या म्हाताऱ्यालेबी गल्लीतली पोरं आजोबाच म्हंतेत. मलेबी लेकरू नाही. पन समोरच्या घरची पोट्टी मले आजीच म्हंते.”

सर हसले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो परत घातला नाही.

मग मी चिमट्याने तो मधला कण उचलला. ऋजुता दचकली. “मावशी, काय करताय? एकच आहे तो!”

“आज उपास नाही माह्या,” मी म्हणाले.

“गिळू नका म्हणजे मिळवली,” सर म्हणाले.

मी जीभ बाहेर काढली आणि कण टोकाला टेकवला.  तेवीस कोटी वर्षांच्या मातीची ती चव, थोडी लोखंडाची, थोडी पावसाळ्यातल्या विटेची, मला पाठ आहे. एक श्वास थांबले. मग चिमटा सोडला. कण पडला नाही. मी मान हलवली, तरी पडला नाही. चिमट्याने ओढला तेव्हा जिभेने त्याला क्षणभर धरून ठेवलं, आणि मगच सोडलं.

“सर,” मी म्हणाले, “हाड हाये.”

ऋजुता कामाला लागली. जीभ ही वंशवेलीला चालणारी पद्धत नाही हे तिला माहीत होतं, पण हाडाला छिद्रं आहेत म्हटल्यावर त्या एका कणावर आरपारचा झोत सहा तास रोखून धरायला तिला कारण मिळालं. सोमवारी छिद्रं दिसली. टक्के अठ्ठ्याण्णव. आणि माझ्या बाकी दोनशे तेरा नमुन्यांपुढे शंकेचं चिन्ह न येता नवीच ओळ आली, ‘चुरा उपलब्ध, तपासता येईल’. पण ते नंतरचं.

त्या दिवशी सरांनी खिशातून साक्षीच्या मजकुराची आपली प्रत काढली. ‘अवजार लागलं नाही’ या ओळीवर रेघ मारली आणि खाली त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘अवजार लागलं. घाई माझी होती. कमान आहे.’ खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी त्यांच्या सहीशेजारी माझी केली.

“आता ही कमान परत बसवायची,” सर म्हणाले. “ते यंत्र बसवेल का?”

“नाही सर,” ऋजुता म्हणाली. “ते फक्त बघतं. बसवायला मावशीच लागतील.”

मी डबा उघडला. दोन वर्षांनी सुई हातात घेतली, दिव्याखाली तिचं टोक पाहिलं, फडक्याने पुसलं. सर काठी टेबलाला टेकवून माझ्या मागे येऊन उभे राहिले, अगदी पूर्वीच्याच जागी.

“किती वेळ लागेल, पारबताबाई?”

“दोन दिवस लागंल जी.”

“चार घ्या,” सर म्हणाले, आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी कोटाच्या खिशात टाकलं.